राबात गेलेला पाला

आमच्या आळीतल्या घरांचा ओला कचरा बचत गटाच्या खड्ड्यात जातो आणि त्याचं खत होतं. सकाळी बादल्या गोळा करून खड्ड्यात ओतायचं काम माझं. ते मी मागून घेतलं, कारण त्यात बोलावं लागत नाही.

शिकवायला आलेल्या बाईंनी सांगितलं होतं, एक बादली ओलं टाकलं की वर दोन बादल्या सुका पाला. त्यासाठी गटाने पाल्याची पोती भरून खड्ड्याजवळ रचली होती. पुढे राब भाजायचे दिवस आले. भाताची रोपं करायची जागा आम्ही पाला-शेण पसरून भाजून घेतो. आमच्या राबाला पाला कमी पडला, तेव्हा मी ती पोती नेऊन पसरली. चुकीचं करतेय असं मनातही आलं नाही. सुका पाला दिसला की तो राबात न्यायचा, ही लहानपणापासूनची सवय.

मग ओल्यावर ओलंच पडत गेलं. पंधरा दिवसांत खड्डा चिकट काळा झाला, अळ्या पडल्या. खड्ड्याशेजारी राहणाऱ्या काकी गटाच्या बैठकीत येऊन बसल्या.

"जेवताना नाकाला कपड्याचा चिमटा लावू का गो मी?"

बायका हसल्या. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "उद्या माती लोटून बुजवू. आपल्याला नाय जमायचं."

खड्डा बुजला असता तर माझी चूकही खाली गेली असती. पण मग आमच्या आळीत पुन्हा कोणी खड्डा खणला नसता. मी उभी राहिले.

"खड्ड्यात खोट नाय. पाला मी राबाला जाळला. आठ दिवस द्या मला."

"हिला बोलता येतं काय गो?" काकी शेजारणीला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी घरच्या उडवीत रचून ठेवलेला भाताचा पेंढा काढून कोयत्याने बारीक केला. फावड्याने खड्डा वरखाली केला, मधे मधे पेंढा घातला. असं रोज केलं. हात दुखले, पण वास उतरत गेला.

आठव्या दिवशी काकी ताट घेऊन ओट्यावर बसल्या, खड्ड्याकडे तोंड करून. माझं फावडं थांबलं.

"बघतेस काय? खत झालं की पहिली पाटी माझ्या पडवळाला."

"पहिली नाय, दुसरी," मी म्हणाले. "पहिली अध्यक्षबाईंच्या दारात नेऊन ओतणार हाय."