खुर्चीवाला अध्यक्ष आणि यमुनाकाकी

दर रविवारी सकाळी दहा वाजता यमुनाकाकी चुलीपुढे बसून अख्ख्या गावाशी बोलत. मारुतीच्या देवळातला माइक लांब वायर लावून खिडकीतून त्यांच्या स्वयंपाकघरात आणलेला असे. कर्णा मात्र देवळावरच राही. त्यामुळे सरपंचबाईंच्या बोलण्याबरोबर फोडणीचा चरचराटही गावभर ऐकू जाई. "शुक्रवारी मी रोह्याला हापिसात गेलते," काकी सांगत. "साहेब नव्हते. त्यांची खुर्ची होती, तिला सगळं सांगून आले. परत जाणार हाय. थांबा जरा, भात लागतोय." मग दोन मिनिटं कर्ण्यातून नुसती भांडी वाजत आणि गाव थांबून राही.

ही पद्धत काकींनी अमेरिकेच्या एका अध्यक्षाकडून उचलली होती, आणि त्याला मी जबाबदार होतो.

मी मूळचा पेणचा. नव्वदच्या दशकात धाटावजवळच्या त्या गावात शाळेवर होतो आणि रोह्याला खोली घेऊन राहत होतो. इतिहासात बाहेरून एम. ए. करायचं डोक्यात होतं, म्हणून सकाळच्या एसटीत नोट्स पाठ करत बसायचो. काकी रोह्याच्या बाजारात भाजी देऊन त्याच गाडीने परत येत. बायकांसाठी सरपंचपदं राखीव व्हायला तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती. सातवी शिकलेली, आपण सांगू ते ऐकेल अशी बाई म्हणून गावातल्या पुढाऱ्यांनी काकींना उभं केलं आणि निवडून आणलं. हा अंदाज त्यांच्या आयुष्यातला सर्वांत चुकलेला अंदाज ठरला.

"काय पुटपुटता गुरुजी?" एकदा त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, "अमेरिकेतली महामंदी. कारखाने बंद पडले, माणसं रस्त्यावर आली, बँका बुडाल्या. आधीचा अध्यक्ष बोलला, थोडी कळ काढा, येतील बरे दिवस. ते काही येईनात. मग लोकांनी दुसरा अध्यक्ष आणला. त्याला पोलिओसारख्या आजाराने चालता येत नव्हतं. चाकाच्या खुर्चीत बसायचा."

काकींची भाजीची रिकामी पाटी मांडीवरच राहिली. आमचा थांबा आला, गेला. "मंग त्याने काय केलं?" त्या म्हणाल्या.

त्यांचा हा प्रश्न वरवरचा नव्हता. दिवाळीनंतर धाटावमधली एक केमिकल कंपनी बंद पडली होती आणि गावातले निम्मे कर्ते पुरुष तिथेच कामाला होते. ते आता रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर पत्ते कुटत बसत. दत्ताराम नावाचा ऑपरेटर तर पत्तेही खेळत नसे. तो रोज युनिफॉर्म घालून पहिल्या शिफ्टच्या वेळी थांब्यावर उभा राही, कंपनीची बस येत नाही हे बघे आणि घरी जाऊन दार लावून घेई. त्याची बायको काकींकडे येऊन नुसती बसून राही.

तेव्हापासून रोजच्या गाडीला अमेरिकेचा एकेक हप्ता सुरू झाला. अध्यक्षाचं नाव काकींच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याला 'खुर्चीवाला' करून टाकलं. "तसे सगळेच खुर्चीवाले," त्या म्हणाल्या, "पण याला तरी कारण होतं." तो रेडिओवरून लोकांशी घरच्यासारखा बोलायचा, शेकोटीशी बसून बोलावं तसा, असं मी सांगितलं. त्यातली शेकोटी तेवढी काकींनी शब्दशः घेतली आणि पुढच्याच रविवारी माइकची वायर चुलीपर्यंत आली.

मग त्यांनी कारभाराला हात घातला. ग्रामपंचायतीचं कार्यालय ग्रामसेवक येतील त्याच दिवशी उघडत असे. ते आठवड्यातून एकदा येत, तेही आले तर. दाखल्यासाठी माणसं हेलपाटे घालत. काकींनी कार्यालयाची चावी स्वतःच्या कमरेला लावली, अर्ज रोज घ्यायला सुरुवात केली आणि कुणाचा अर्ज किती दिवस पडून आहे हे रविवारी नावानिशी सांगू लागल्या. ग्रामसेवक पाटकर भाऊसाहेब हबकले. "काकी, हे नियमात बसत नाही," ते म्हणाले.

"खुर्चीवाल्याच्या मानगुटीवर कोर्टातले नऊ म्हातारे बसले होते," काकी म्हणाल्या. "ते बी हेच बोलायचे. माझ्यावर तुम्ही एकटेच हाव. मी निभावून नेईन."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ते नऊ म्हातारे मीच धाडले होते.

खुर्चीवाल्याने बेकारांना झाडं लावायला, बंधारे बांधायला लावलं, हे ऐकल्यावर काकींनी उन्हाळ्यात गावचं जुनं तळं खणायला काढलं. रोजगाराच्या योजनेतून त्यांनी ते मंजूर कसं करून आणलं ते रोह्याच्या त्या साहेबांनाच ठाऊक. काकी रोज दारात दिसतात म्हणून त्यांनी सही केली असं गावात म्हणत. मोरीवरचे पत्ते बंद झाले. माणसं घाम गाळून जेवायला घरी येऊ लागली. काकींचा उत्साह एवढा, की "अजून खोल" म्हणत त्या स्वतः काठावर उभ्या राहत. पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं. काकींनी नारळ फोडला. दसऱ्यापर्यंत तळ्यात म्हशीचे खूरसुद्धा बुडेनात.

त्या रविवारी मी मुद्दाम गावात गेलो. आता पावसाला, ठेकेदाराला, मागच्या सरपंचाला दोष मिळणार याची मला खात्री होती. कर्ण्यातून फोडणीचा आवाज आला नाही. काकी म्हणाल्या, "तळ्याचं पाणी खाली गेलं. पाणी धरणारा चिकणमातीचा थर आपण फोडला. म्हातारा गणूदादा मला बोलत होता की एवढं खोल जाऊ नको. मी त्याचं ऐकलं नाय. चूक माझी हाय. आता दुसरं कायतरी करू. काय करू ते सुचलं तर येऊन सांगा."

भाऊसाहेबांनी खाजगीत मला विचारलं, "सरपंचाने असं माइकवरून कबूल केलेलं चालतं का हो?" नियम त्यांनाही सापडला नसावा. पण त्या दुपारी काकींच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं ती माणसं सुचवायला आली होती. मीही सुचवलं. माझ्या मामाचा हमरापूरजवळ जोह्याला गणपतीचा कारखाना होता आणि त्याला हंगामात माणसं कमी पडत.

"कंपनीतला माणूस मूर्ती घासत बसणार?" असं पुष्कळांनी नाक मुरडलं. काकींनी वाद घातला नाही. माघानंतर एका सकाळी त्या थांब्यावर दत्तारामच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मी गाडीतून उतरत होतो.

"दत्ता, युनिफॉर्म घातलायस ना?"

"व्हय."

"डबा हाय?"

"हाय."

"मंग चल ड्युटीवर. शिफ्ट बदललीय."

त्याला घेऊन त्या रोह्याला गेल्या, तिथून पेण, तिथून जोहे. मामाने त्याच्या हातात पॉलिशपेपर दिला. पहिले चार दिवस त्याने मान खाली घालून मूर्ती घासल्या. पाचव्या दिवशी तो रंग कालवणाऱ्याला म्हणाला, "कालच्या पितांबराचा पिवळा आणि आजचा एक नाय." आणि त्याने वही मागितली. रंगाच्या प्रत्येक बॅचची तो नोंद ठेवू लागला: वेळ, प्रमाण, सही. मामा मला म्हणाला, "तुझा माणूस गणपतीला रिअॅक्टर समजतो. पण यंदा पहिल्या मूर्तीचा आणि शेवटच्या मूर्तीचा रंग एकच आलाय." दत्तारामच्या पाठोपाठ अकरा जण गेले. सगळे टिकले नाहीत. काही मुंबईला गेले, काही परत मोरीवर आले. पण दत्तारामच्या दाराला दिवसा कडी लागलेली मी पुन्हा पाहिली नाही.

पाच वर्षं संपली. आरक्षण फिरलं आणि काकींची खुर्ची गेली. माझीही पेणला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्या अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या.

"खुर्चीवाला किती वेळा निवडून आला?"

"चार वेळा."

"त्याला आरक्षण आडवं आलं नाय वाटतं." त्यांनी आणखी एक शेंग सोलली. "आणि मंदी? ती गेली ना त्याच्यानं?"

इतकी वर्षं मी हा हप्ता टाळला होता. "पूर्ण नाही गेली, काकी. कमी झाली, मधेच परत वाढली. पुढं मोठं युद्ध आलं, तेव्हा कुठं सगळ्या कारखान्यांना काम मिळालं. त्याच्यामुळे किती गेली यावर जाणकार अजून भांडतात."

काकींचे हात थांबले. मला उगीचच माझी चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं.

"मंग बरं झालं गुरुजी, तुम्ही आधी नाय सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर मी माझ्या थांब्यावर उतरून घरी गेले असते."

मग त्यांनी शेंगांचं सूप माझ्यापुढे सरकवलं.

"तुमच्या गाडीला अजून वेळ हाय. तोवर एवढ्या सोला."