झडतीची वही

"तोंड उघड," मालक म्हणाला.

मी उघडलं नाही. त्यानं माझे केस मुठीत धरले, मान मागं ओढली आणि कच्च्या तूरडाळीची मूठ माझ्या तोंडात कोंबली.

"चोरायची लई हौस हाय ना? खा आता!"

लातूरच्या एमआयडीसीतली डाळमिल. संध्याकाळचे सहा. आम्ही बावीस बाया गेटवर रांगेत. काम सुटलं की प्रत्येकीनं वॉचमनसमोर पदर सोडायचा, झटकायचा, निऱ्या हलवून दाखवायच्या. वॉचमन वहीत लिहायचा: तारीख, नाव, सुटल्याची वेळ, झडती घेतली. बाहेर ट्रकवाले दात काढत बघायचे. चौदा महिने मी पदर झटकला. लाज वाटायची, आणि गप्प बसते म्हणून स्वतःचाच राग यायचा.

दिवसभर डाळीत बसणाऱ्या बाईच्या लुगड्यातून चार दाणे पडणारच. रोज पडायचे. त्या दिवशी मात्र ती चोरी झाली, कारण दुपारी मी तोंड उघडलं होतं. काही दिवसांपूर्वी जावेच्या कामासाठी तिच्यासोबत कामगार कार्यालयात गेले होते, तिथं भिंतीवर रोजाचा सरकारी दर लावलेला. मी सातवी शिकलेय, आकडा वाचता येतो. आम्हाला त्याच्या निम्मासुद्धा मिळत नव्हता. मी मालकाला एवढंच म्हटलं होतं, "मालक, सरकारी रोज द्या आमाला." त्याचं उत्तर संध्याकाळी गेटवर मिळालं.

डाळीनं हिरड्या सोलल्या. तोंडात रक्ताची चव आली. मग केस सोडून त्या हातानं त्यानं पोत्यातून नमुना काढायची लोखंडी नळी माझ्या बरगडीत ढोसली. रांगेतली एकही बाई हलली नाही. माझ्या शेजारी बसून डाळ निवडणारी कोंडामावशी हळूच म्हणाली, "सोस बाई. मालक हाय."

त्या शब्दांनी माझं डोकं फिरलं. त्याची बोटं अजून माझ्या तोंडात होती. मी चावले. दात हाडाला लागेपर्यंत चावले. तो गुरासारखा ओरडला. मग मी सगळं थुंकले, डाळ, रक्त, त्याच्या पांढऱ्याफेक शर्टावर. त्यानंतर त्यानं मला नळीनं झोडपलं आणि गेटबाहेर फेकलं. तिथं मी रडले नाही. खोटं कशाला सांगू, लातूरजवळच्या मुरुडला, घरी पोचल्यावर रडले.

आठवड्यानं कामगार कार्यालयात दावा टाकला. चौदा महिन्यांच्या रोजातला फरक.

मालकाचं लेखी उत्तर आलं: ही बाई आमच्याकडे कधीच कामाला नव्हती. हजेरीपट नाही, पगाराची चिठ्ठी नाही, काही नाही. मी तिथं राबले हे दाखवायला माझ्याकडे काळेनिळे वळ सोडून काहीच नव्हतं.

पुढच्या तारखेला तो ताठ्यात आला. बोटाला पट्टी. त्यानं झडतीची वही अधिकारी मॅडमच्या टेबलावर आपटली.

"बघा मॅडम, ही बाई चोर हाय. वॉचमननं लिवलंय, पदरात डाळ सापडली म्हणून."

त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला. मॅडमनी ते पान वाचलं. मग मागचं उलटलं. मग त्याच्या मागचं. बराच वेळ उलटत राहिल्या. प्रत्येक पानावर माझं नाव होतं. चौदा महिने, रोज, सुटल्याच्या वेळेसकट.

"कामाला नव्हती, तर ही रोज संध्याकाळी तुमच्या मिलमधून कशी बाहेर पडत होती?" त्यांनी विचारलं.

मालकानं वही परत घ्यायला हात पुढं केला. मॅडमनी वही ठेवून घेतली.

बाहेर व्हरांड्यात त्यानं मला गाठलं. आवाज एकदम मऊ.

"तुजा सगळा फरक देतो. आत्ता, हितंच. दावा मागं घे."

घरात पैशाची नड होती. मी क्षणभर डळमळले, हेही सांगते.

"त्या वहीत बावीस नावं हायत, मालक," मी म्हणाले. "समद्यांचं द्या. मॅडमसमोर द्या."

"तुला गाडीखाली घालीन," तो दात खात म्हणाला.

पुढची तारीख महिन्यानं आहे. उद्यापासून सकाळी आठला मी मिलसमोर रस्त्यावर उभी राहणार. दाव्याच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा घेऊन. कोंडामावशीला पहिला देणार. त्याला मला मारायचं असेल, तर भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मारावं लागेल. मी बाजूला होणार नाही.