लोखंडी गोऱ्ह्याचं आवतन

मोठेबाबांनी भंगारवाल्याला सांगूनही टाकलं होतं. पोळा होऊ दे, दुसऱ्या दिवशी करीला गाडी घेऊन ये आणि गोठ्यातलं ते धूड उचलून ने. मला हे कळलं पोळ्यासाठी चार दिवस आधी घरी गेल्यावर, तेही गड्याकडून. घरात कोणी तोंड उघडायला तयार नव्हतं. राग तर तेव्हा माझ्या नाकावरच असायचा. पिशवी ओट्यावर फेकली आणि तडक गोठ्यात गेलो.

ते धूड म्हणजे माझ्या बाबांचं यंत्र. दोन लोखंडी दातेरी चाकं, मधे लहानसं पेट्रोलचं इंजन, मागे वखराची पास, म्हणजे पातं, आणि धरायला दोन मुठी. माणसानं मुठी धरून मागे चालायचं, बसायची सोय नाही. बुलढाण्याचा कोणी साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. लोकांनी खुर्च्या नि आरसे घेतले, बाबांनी बागेतलं हे यंत्र घेतलं. घाटातून बैलगाडीत घालून आणलं. बैलांनी ओढून आणलेलं नांगरायचं यंत्र पाहून गावानं पोटभर हसून घेतलं. कोणी तरी त्याला लोखंडी गोऱ्हा म्हटलं आणि ते नाव बाबांनाच जास्त आवडलं.

पण गोऱ्हा कामाचा होता. संत्र्याच्या झाडांखाली बैल घातले की शिंगं फांद्यांत अडकतात, कोवळा पाला ओढला जातो तो वेगळाच. गोऱ्हा खालून सरळ निघून जायचा. मागे बाबा, धुरानं खोकत, पण चेहरा असा की जणू राज्य मिळालंय. पुढे ते अंथरुणाला खिळले आणि मागच्या हिवाळ्यात गेले. गोऱ्हा कडब्याखाली गेला.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. मी ओट्यावर येऊन विचारलं, "बाबाइचं यंत्र काऊन काढून राह्यले?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला नाही. "चालत नाही ते. सरकार लढाईसाठी लोखंड मागून राह्यलं, जाऊ दे."

"आन् चालवून दाखवलं तं?"

"दाखव ना. करीपर्यंत येळ हाये तुले."

मलकापूरच्या एका कापसाच्या जिनात मी इंजनावरच कामाला होतो, त्यामुळे मला फार वाटलं नाही. पण उघडून पाहिलं तर पिस्टन गंजून असा बसलेला की हँडल तसूभर हलेना. धुराच्या नळीत उंदरांनी संसार मांडलेला. रॉकेल ओतून ठेवलं, लाकडी ठोकळा लावून हळूहळू ठोकत राहिलो. पेट्रोल तेव्हा परवान्यावर. सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरची दाढी धरली तेव्हा त्यानं बाटलीभर दिलं. माय जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणून द्यायची आणि खांबाला टेकून उभी राहायची. मोठेबाबा तिचे भासरे. त्यांच्यासमोर तिनं जन्मात कधी तोंड वर केलं नव्हतं, तिथं 'विकू नका' असं कुठून म्हणणार?

"चालन काय रे?" ती मला विचारायची.

"चालन, पण तू आधी उजेड सोड."

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी गोऱ्हा दोनदा खोकला, थोडा चालला आणि गप झाला. मला तेवढं पुरेसं होतं. ठिणगी पडत होती, उरलेलं सकाळी होईल. हातावरचं काळं घासायला मी नदीवर गेलो.

परत आलो तो अंगणात बैलांची खांदशेकणी चाललेली. जू वाहून सोललेल्या खांद्यांना गरम पाण्यानं शेकायचं, हळद-लोणी चोळायचं आणि कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलांचं झालं तरी मायची वाटी रिकामी झाली नव्हती. गोठ्यात पाहतो तर ती गोऱ्ह्याला शेकून राहिलेली. गडव्यानं गरम पाणी ओतते आहे, मुठींना, इंजनाला, वायरीला लोणी चोळते आहे. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोतून पाणी टपटप गळत होतं.

माझं डोकंच फिरलं. "माय, हे काय करून ठेवलं? बैलाले पाणी चालते, याले नाही चालत."

"दरसालचं हाये," ती शांतपणे म्हणाली. "तुहे बाबा त्याच्यावर पोतं टाकत आन् मंग शेकू देत. पोतं मी इसरली."

"आता नाही चालू होत हे. गेलं."

तिनं पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे पाहत, पण ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्याले आवतन नाही देलं तं तो आपल्या घरचा कसा राहीन?"

ओट्यावर मोठेबाबा होते. ते उठून आत गेले, विड्याचं पान तसंच राहिलं.

पोळ्याच्या दिवशी आभाळ असं भरलेलं की ऊन औषधाला नाही. मॅग्नेटो खोलून मी चुलीशेजारी पाटावर वाळत ठेवला. पुरण शिजत होतं. मोठीआई म्हणजे मोठेबाबांची बायको, तिला सोवळ्यात हे मुळीच खपलं नाही. "एका बाजूनं भाजलं असन तं उलथून देऊ काय?" असं तिनं दोनदा विचारलं, तरी पाट मात्र हलवला नाही. गडी बैल सजवून गावच्या तोरणाखाली घेऊन गेले, मोठेबाबाही गेले. मी घरीच राहिलो, जोडत आणि शिव्या देत.

पोळा फुटला, तोरणाखालचे बैल सुटले. बैल दारात आले, पाय धुतले, ओवाळणं चाललं आणि तेवढ्यात माझं हँडल फिरलं ते फिरलंच. गोऱ्हा धडधडत उठला. बैल बिचकले, मोठीआईच्या ताटातला दिवा विझला. मला कशाचं भान? मी मुठी धरल्या, चाकं इंजनाला जोडली आणि अंगणातून थेट संत्र्याच्या बगीच्याकडे निघालो. बाबांसारखाच धुरात खोकत.

मोठेबाबा समोर आडवे आले. "बंद कर."

मी मुठी सोडल्या नाहीत. "चालून राह्यलं ना? तुम्हीच म्हणाले होते."

"बंद कर म्हन्लं ना. पोळ्याच्या दिवशी कोणी जुंपते काय बे?"

मी बंद केलं. मोठेबाबांनी ताटातलं कुंकू घेऊन गोऱ्ह्याच्या टाकीला लावलं. मग बाबांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या उजव्या मुठीवर त्यांनी हात ठेवला आणि तो उचलेचनात. हाताला लोणी लागलं तरी. तसंच उभं राहून, मायकडे न पाहता, मोठीआईला म्हणाले, "धाकटीले सांगा, आवतन देलं हाये तं जेवाले वाढा."

माय ताट घेऊन आली. पुरणपोळी, वर तुपाची धार. गोऱ्ह्यापुढे ठेवून बाजूला झाली. बैल आपापलं खाऊन राहिले होते. हे ताट तसंच.

"याची पोळी कोण खाते?" मोठेबाबांनी मला विचारलं.

"बाबा खात," मी म्हणालो. "दरसाल. तुम्ही आत गेले की, इथंच बसून."

मोठेबाबा धोतर सावरत गोऱ्ह्याच्या चाकाशी खाली बसले. ताट मांडीवर घेतलं. पहिला घास तोंडात गेला आणि आमच्या घरातला तो कडक माणूस सगळ्यांसमोर रडला. रडत रडत त्यांनी धाकट्या भावाच्या वाट्याची ती पोळी संपवली.