कूलरवाले नाना

नाना कोणतीही नवी वस्तू हातात आली की आधी उलटी करायचे. थर्मास असो, रेडिओ असो, लग्नात आलेला मिक्सर असो. बुडाखाली बोटं फिरवत स्क्रू शोधायचे आणि सापडला नाही की विचारायचे, “हाई उघाडू कठून?” मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले तेव्हा माझ्या हातात मीच डिझाइन केलेला छोटा कूलर होता. तोही उलटा झाला.

मी जळगावच्या एका प्लास्टिक कारखान्यात डिझाइन विभागात कामाला होते. आमचे कूलर धुळ्याहून परत का येतात, हे बघायला मला पाठवलं होतं. धुळ्यातल्या एका बोळात नाना पत्र्याचे कूलर बनवायचे. सगळे म्हणाले, त्यांना विचार. मी तोऱ्यात सांगितलं की आमचा पंप टाकीतच चिकटवलेला आहे, कुठे गळती नाही.

“पंप जळी गया, मंग?”

“मग टाकीसकट नवीन मिळतं.”

नानांनी कूलर सरळ करून ठेवला. “पोर, हाई वस्तू नही शे. हाऊ कचरा शे, फक्त आज नवा शे.”

मला इतका राग आला की परतीच्या बसमध्ये मी पारोळ्यापर्यंत त्यांना मनातल्या मनात उत्तरं देत होते. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले, आणि मग जातच राहिले.

नानांच्या कूलरला एकाच मापाचे स्क्रू असत, म्हणजे घरात एक पेचकस असला की भागलं. पत्रा आणि लाकूड कधी चिकटवायचे नाहीत. वेगळं करता आलं पाहिजे. “जो भाग पहिले मरनार शे, त्याले दारजोडे बसाड,” म्हणायचे, म्हणजे दाराजवळ. त्यामुळे पंप आणि गवताच्या जाळ्या समोरूनच निघत. आणि विक्रीची त्यांची रीत तर जगावेगळी होती. गिऱ्हाइकाने दुकानातच कूलर उघडायचा, पंप काढायचा, गवत बदलायचं आणि पुन्हा सगळं बसवायचं. ते जमल्याशिवाय कूलर दुकानाबाहेर जात नसे. सोनगीरच्या एक अक्का घामाघूम होऊन शेवटी भडकल्या, “मी कूलर लेवाले उनू का कामले?” नाना शांतपणे म्हणाले, “आते तू उघाड, अक्का. मी रोज थोडाच शे तुना घर?” अक्कांनी उघडला. जाताना अशा ताठ चालल्या की बघत राहावं.

पण ही रीतच नानांच्या मुळावर आली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी सुरतेला. दुसऱ्या दुकानांत वर्षाला तीच माणसं येत, बसत, चहा घेत, कारण काहीतरी बिघडलेलं असे. नानांकडे एकदा कूलर नेलेला माणूस पुन्हा फिरकायचं कारणच उरत नसे. बोळात स्कूटर थांबली की ते हातातलं काम ठेवून दाराकडे बघत. मलाही त्यांनी एक कूलर बनवून दिला होता, त्यामुळे मी दिसले की पहिला प्रश्न, “कूलर बिगडना का?” मी म्हणायची, “नाही नाना, सहज आले.” मग ते स्टूल पुसत आणि बराच वेळ पुसतच राहत.

एकदा मी थट्टेने म्हटलं, “एखादा भाग मुद्दाम कच्चा ठेवा नाना, दरवर्षी लोक येतील.” नाना हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, “ठेवेल शे. एक डाव.”

भडगावच्या एका मास्तरांच्या कूलरमध्ये, पंख्याचा दांडा ज्यात फिरतो तो बुश त्यांनी जाणूनबुजून हलका घातला होता. “मास्तर गोड बोलस. येतीन, घडीभर बसतीन, असं वाटनं माले. मंग ध्यानमा उनं, त्यासना घर म्हातारी माय शे.” ऐन मे महिन्यात, भर दुपारी नाना चांगला बुश खिशात घालून बसने भडगावला गेले. मास्तरांना खरं काय ते सांगितलं आणि स्वतः बुश बदलला. मास्तरांनी त्यांना जेवायला बसवलं, म्हातारीशी गप्पा झाल्या, निघायला चार वाजले. हे सांगताना नानांची मान खाली होती, पण त्या घरी झालेली वांग्याची भाजी त्यांनी दोनदा वर्णन करून सांगितली.

मी ते ऐकलं, गलबलले, आणि जळगावला येऊन कामाला लागले. आमच्या कूलरचा पंप समोरून, दोन स्क्रूंवर निघू लागला. बैठकांत मी नानांची वाक्यं प्रमाण मराठीत, माझी म्हणून सांगितली. बढती मिळाली. रविवार मीटिंगांत जाऊ लागले. नानांनी बनवून दिलेला कूलर माझ्या घरात सहा उन्हाळे चालला. गवत मीच बदलत होते.

मग एके दिवशी त्यांच्या शेजारच्या सायकलवाल्या भाऊंचा फोन आला. ताप आला आणि पाच दिवसांत नाना गेले. तेराव्यानंतर दुकान आवरताना भिंतीवर माझा नंबर दिसला, म्हणून कळवत होते. “तुमनी लई वाट देखेत, ताई,” भाऊ म्हणाले. “मी म्हनू, नाना, एक फोन करी द्या. ते म्हनेत, तिना कूलर चांगला चालू व्हई, कसाले तरास देवाना.”

जळगावहून धुळ्याला दिवसभर बस असते. माझं काही बिघडलं नव्हतं, म्हणून इतकी वर्षं मी गेले नाही.