खुशकदमचा बोकड

वारशेद गावात खुशकदमसारखा शिकारी झाला नाही, हे आम्हाला बहुतेक त्याच्याच तोंडून कळलं. नेम चांगला होता, नाही असं नाही. वडिलांची जुनी बंदूक घेऊन दर हिवाळ्यात तो एक-दोन रानबोकड आणायचाच. पण बोकड मारायला लागे त्याहून जास्त वेळ त्याला तो सांगायला लागे. ऐकायला समोर मेहुणा आयोंबेक हवा, कारण आयोंबेकला उंचीची भीती. जर्दाळूच्या झाडावर चढायची वेळ आली तरी तो बायकोला चढवी.

"बोकड खातोस, पण तो राहतो कुठं ते तरी ठाऊक आहे का तुला?" खुशकदम विचारी.

"वर राहतो, दाजी. राहू दे की."

त्या साली रस्ता बंद झाला होता आणि पिठाच्या गाड्या येईनाशा झाल्या होत्या. लोक वाळलेल्या तुतीची भुकटी खाऊन दिवस काढत होते. गावातले बाकीचे धडधाकट पुरुष पीठ मिळतंय का बघायला खालच्या खोऱ्यात गेले होते. वर बर्फ पडलं तसे बोकड गावामागच्या कड्यावर उतरले, आणि खुशकदम बंदूक घेऊन निघाला.

कड्याच्या मध्यावर जेमतेम पाऊल मावेल अशी एक अरुंद धार आहे. तिथून नेम बसेल म्हणून तो वरून धारेवर उतरला. उतरताना पायाखालचा दगड, परत वर चढायचा तेवढाच आधार, निसटून गेला, पण समोर लांब शिंगांचा नर उभा असताना दगडाकडे कोण बघतो? त्यानं गोळी झाडली. नर कोलमडला, घसरत घसरत बर्फातून खाली आला आणि थेट आयोंबेकच्या शेतात थांबला.

आयोंबेक तिथं काटक्या गोळा करत होता. जनावरात अजून धुगधुगी होती; तसंच मेलं असतं तर मांस हराम झालं असतं. त्यानं देवाचं नाव घेतलं आणि कमरेची सुरी चालवली.

गावात उरलेले सगळे जमले. आमच्याकडे मांस घरटी वाटलं जातं, आणि शिंगं शिकाऱ्याच्या नावानं पिराच्या ठाण्यावर ठेवतात.

"गोळी खुशकदमची असणार," मी म्हणालो.

"असेल," खलिफा म्हणाले. ठाण्याचं सगळं तेच बघत. "पण गोळी मी पाहिली नाही. सुरी पाहिली."

वर कड्यावर खुशकदम हात हलवून ओरडत होता. नदीच्या आवाजात शब्द काही कळेनात.

"खूश आहे गडी," कुणीतरी म्हणालं. आम्हीही हात हलवले. मग आपापला वाटा घेऊन चुली पेटवायला गेलो. चुलींचा धूर त्याला वरून दिसत होता. वास पण येत होता, असं तो नंतर म्हणाला.

उन्हं कलली तेव्हा त्याची बायको सवरीनिसो भावाच्या, आयोंबेकच्या दारात आली; मीही तिथंच बसलो होतो.

"मांस शिजायच्या आधी चुलीशी येऊन बसणारा माणूस आहे तो. आला नाही, म्हणजे अडकलाय. दोर घे."

"ताई, मी?"

"गावात दुसरं कोण आहे? हा म्हातारा?"

म्हातारा म्हणजे मी. तरी सोबत गेलो. मागच्या चढणीनं आम्ही माथ्यावर पोचलो. शेवटचा टप्पा आयोंबेक पोटावर सरपटत गेला, डोळे गच्च मिटून. याकच्या केसांचा दोर मी एका खडकाला बांधला, त्यानं तो खाली सोडला.

"कोण आहे?" खालून आवाज आला.

"मी, दाजी."

खालून त्यानं दोर दोनदा ओढून पाहिला.

"दुसरं कुणी नाही?"

"आहेत. पण दोर माझ्या हातात आहे."

"बरं. खाली बघू नकोस."

"मी कुठंच बघत नाहीये. या."

दोर धरून खुशकदम वर आला. त्याचे ओठ निळे पडले होते. आयोंबेकनं आपला अंगरखा काढून त्याच्या खांद्यावर टाकला. उतरताना दोघं एकमेकांना धरून चालले होते. कोण कुणाला सांभाळत होता ते मला कळलं नाही.

शिंगं ठाण्यावर गेली, आयोंबेकच्या नावानं. खुशकदमनं महिनाभर कुणाला काही गोष्ट सांगितली नाही. मांस संपल्यावर एका सकाळी तो बंदूक खांद्याला अडकवून मेहुण्याच्या दारात उभा राहिला.

"आज कुठं असशील?"

"घरी. का?"

"शेतात थांब. सुरीला धार लाव."

"आणि शिंगं?"

"त्याचं नंतर बघू," खुशकदम म्हणाला आणि चढणीला लागला. चार पावलांवर थांबून, मागं न वळता म्हणाला, "दोर पण असू दे जवळ."