उंदीर ओळीने खात नाही

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलताना माझ्या मागचं काचेचं कपाट तुम्हाला दिसलं आणि तुम्ही दोघांनी एकदम विचारलंत, की आजी, त्या मातीच्या उंदराला एक कान का नाही? मी म्हटलं, लिहून कळवते. तोंडी सांगितलं असतं तर तुम्ही हसत सुटला असता आणि मधला भाग राहून गेला असता. म्हणून क्रमाने लिहिते.

तो कान मी खाल्ला.

ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार होता. मी चव्वेचाळीस वर्षांची. तुमचा बाबा शिकायला मुंबईत होस्टेलवर, आणि आम्ही दोघं रोह्याला. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि तुमचे आजोबा धाटावला कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत शिफ्टला जात. त्या वर्षी त्यांच्या प्लँटमध्ये गुलाबी रंग निघत होता. आमच्या आळीत कोण कुठल्या प्लँटला आहे ते वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळायचं. समोरच्यांची दोरी पिवळी, कोपऱ्यावरच्यांची निळी, आमची गुलाबी. आजोबांची उशी गुलाबी, साबणाची वडी गुलाबी, मोरीतला दगड गुलाबी. त्यांचे कामाचे कपडे मी रोज हाताने धुवायची, त्यामुळे माझी बोटं आणि नखंही गुलाबी. यात काही वावगं आहे असं कुणाच्याच मनात आलं नाही. शेजारीण तर एकदा म्हणाली, "बाई, तुमचे हात काय तजेलदार दिसतात!"

हात तजेलदार होते आणि त्यांच्या मागची बाई दमलेली होती. सकाळी उठायची तीच दमून. वेणी घालताना मधेच हात खाली घेऊन थांबावं लागे. शाळेचा जिना बावीस पायऱ्यांचा, त्यात अकराव्या पायरीवर मी रोज खिडकीतून बाहेर काहीतरी महत्त्वाचं पाहायची. बाहेर शाळेची टाकी होती.

आजोबांनी या प्रकाराला शिस्त लावायचं ठरवलं. प्लँटमधल्या नोंदींचा एक कोरा तक्ता आणून त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला टांगला आणि घरी असतील तेव्हा दर दोन तासांनी नोंद करू लागले. दोन वाजता: बसली आहे. चार वाजता: बसली आहे. सहा वाजता: आडवी. शेरा: कुकरच्या शिट्टीला प्रतिसाद नाही.

"मी काय तुमचा बॉयलर आहे?" मी विचारलं.

"बॉयलर असतीस तर एव्हाना सापडलं असतं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच काळजी वाटत होती.

डॉक्टरांकडेही गेलो. रोह्यातल्या डॉक्टरांनी माझी नखं उजेडात धरली, दाबली, सोडली. "रक्त उत्तम आहे. नखं पाहा, गुलाबाच्या पाकळ्या! मन रमवा. काहीतरी छंद लावून घ्या." टॉनिकची बाटली दिली. तेही गुलाबी होतं.

मग ऑगस्टच्या मध्यावर ते झालं. नववीच्या वर्गात फळ्यावर वाक्यं लिहिता लिहिता मी कपाळ जरा फळ्याला टेकलं आणि उभ्या उभ्या झोपले. एरवी बेंच वाजवणारी ती मुलं उरलेला सगळा तास चिडीचूप बसून राहिली. पुढच्या तासाचे भूगोलाचे सर आले, तर त्यांनाही मुलांनी तोंडावर बोट ठेवून दारात थांबवलं. ते थांबले. शेवटी फेरीवर निघालेले हेडसर आले.

त्यांनी मला केबिनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. "बाई, तुमच्या कपाळावर पॅसिव्ह व्हॉइस उमटलाय."

मी पदराने पुसला.

"तुम्ही तीन आठवडे रजा घ्या," ते म्हणाले. "गणपतीची सुट्टी संपली की या. ठणठणीत होऊन आलात तर आनंद आहे. नाहीतर राजीनामा घेऊन या. नववीला मी पुन्हा असं बसवू शकत नाही."

एकोणीस वर्षं मी त्या शाळेत होते. घरी जाऊन त्याच संध्याकाळी राजीनामा लिहिला, म्हणजे नंतर घाई नको. इंग्रजीत लिहिला. फार चांगला जमला होता. तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी एसटीने पेणला गेले.

पेणला माझ्या वन्सं, म्हणजे आजोबांची थोरली बहीण, गणपतीच्या कारखान्यात दिल्या होत्या. घराच्या पुढच्या पडवीत मोठ्या मूर्ती, मागच्या खोलीत बायकांचं काम. बायका साच्यात माती दाबून गणपतीच्या पायाशी बसणारे उंदीर काढायच्या आणि फळ्यांवर ओळीने वाळत ठेवायच्या. मला विश्रांतीला बोलावलं होतं, म्हणून मला बसून करायचं काम दिलं: उंदरांवर साच्याच्या कडांचे उमटलेले सांधे ओल्या कापडाने पुसून साफ करणं. रजेचा पहिला दिवस, बाहेर पाऊस, आणि खोलीभर ओल्या शाडूचा वास.

मुलांनो, तो वास मी तुम्हाला कसा सांगू. तुम्हाला भूक लागलेली असताना शेजारच्या घरी काहीतरी तळलं जावं, तसा. मी आधी बोटाला लागलेली चिमूटभर माती चाटली. दुसऱ्या दिवशी एक शेपटी खाल्ली. शेपटी बारीक असते, लवकर वाळते, कुरकुरीत होते. तिसऱ्या दिवशी पूर्ण उंदीर.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले. देवाचं वाहन चोरून खाते आहे हे मला कळत होतं. म्हणून मी काही नियम केले. रंग दिलेला उंदीर खायचा नाही. एका वेळी एकच. आणि सरमिसळ नको म्हणून प्रत्येक फळीवरचा डाव्या टोकाचा.

चार दिवसांत बोभाटा झाला. वन्संचे यजमान रोज संध्याकाळी मूर्तींना उंदीर जुळवायचे, आणि रोज उंदीर कमी पडायचे.

"घरात घूस हाय," ते म्हणाले. जवळच्या जोहे गावाहून माती मळायला येणारे म्हातारे कारागीर हात न थांबवता म्हणाले, "उंदीरच उंदराला खातोय. कलियुग हाय, दुसरं काय."

पिंजरा लावला. आत कांदाभजी. सकाळी खरोखरच एक उंदीर सापडला, चांगला भजी खाऊन बसलेला. पण गणपतीच्या कारखान्यात उंदीर मारायचा कसा? म्हाताऱ्यांनी साफ सांगितलं, "हात लावाल तर मी उद्यापासून यायचा नाय." तेव्हा वन्संचे यजमान सायकलच्या कॅरिअरला पिंजरा बांधून, डोक्यावर इरलं घेऊन, भर पावसात धरमतरच्या रस्त्याला लांब जाऊन त्याला सोडून आले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कमी.

"परत आला!" यजमान ओरडले.

"त्याला घर ठाव हाय," म्हातारे म्हणाले.

त्या दिवशी दुसरा उंदीर सापडला. यजमानांनी त्याला तोच ठरवला, खूप खडसावलं आणि या वेळी खाडीवरचा पूल ओलांडून पलीकडे सोडलं. येताना चेन तुटली. ओले गच्च होऊन परत आले आणि माझ्यासमोर बसून चहा प्यायले. मी मान खाली घालून सांधे पुसत होते. माझ्या दातात शाडू होता.

मधे रविवारी आजोबा आले. येताना आठवड्याचे कामाचे कपडे पिशवीतून घेऊन आले. त्यांना कपडे धुवायचे नव्हते असं नाही. ते धुवायचे असतात हे त्यांच्या लक्षातच येत नसे. मी विहिरीवर बसून धुतले. पाणी गुलाबी, हात पुन्हा ताजे गुलाबी.

सोमवारी वन्सं मागच्या खोलीत आल्या. फळ्यांकडे बघत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग दार लोटलं.

"वयनी, इकडं बघ गो. ही फळी. डावीकडचा नाय. ही फळी. डावीकडचा नाय. ही पण तशीच." माझ्याकडे वळल्या. "उंदीर काय असा ओळीनं खातो? आणि खाऊन झाल्यावर बाकीचे सारखे करून ठेवतो? अगो, असं या घरात एकच माणूस करतं!"

मला रडू आलं. मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. खाली बसल्या, माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "दिवस रायले काय गो तुला?"

"वन्सं, काहीतरीच काय! माझा मुलगा कॉलेजात आहे."

"मग बाई माती कवा खाते?"

दाराला कान होते. संध्याकाळी शिफ्ट संपवून, राहिलेली पिशवी न्यायला आजोबा पुन्हा आले, तेव्हा म्हाताऱ्यांनी पडवीतच विचारलं, "पेढे कवा?" कशाचे पेढे ते कळल्यावर आजोबा शाडूच्या पोत्यावर बसले. उठले तेव्हा मागून संपूर्ण पांढरे होते. "तक्त्यात हे कुठेच आलं नव्हतं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पेणच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तसलं काही नाही हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. आजोबांचा चेहरा मोकळा झाला. थोडासा पडलाही, असं वन्सं अजून म्हणतात. मग बाईंनी माझी नखं पाहिली. "हे काय लावलंय?"

"काही नाही. यांचे कपडे धुते."

त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा गुलाबी झाला. मग माझी खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली आणि वन्संना जवळ बोलावलं. आतून पापणी पांढरी होती. वन्संनी पाहिली आणि म्हणाल्या, "अगो, हिला अजून रंगच नाय दिला!"

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहाच्या जरा वर. बारा तरी हवं.

"जिना चढून आलात?" बाईंनी विचारलं.

"हो."

"उतरताना कुणाचा तरी हात धरा."

आजोबांनी खिशातून पेन काढलं. "कारण काय लिहू?"

"एकच असेल असं धरू नका," बाई म्हणाल्या. महिन्याच्या महिन्याला माझं रक्त फार जात होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. जेवणाबरोबर दोन्ही वेळा चहा. रक्त कमी झालं की माती खावीशी वाटते, आणि माती खाल्ली की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. "आणि हे कपडे. कारखान्यातल्या काही रसायनांनी रक्त बिघडतं. यांच्या बाबतीत तसं झालं असं या रिपोर्टवरून मी म्हणू शकत नाही. नाही झालं असंही म्हणू शकत नाही. पण कपडे आजपासून यांनी धुवायचे नाहीत."

आजोबांनी लिहिलं: कारणं चार. तपास चालू.

कपडे त्या दिवसापासून ते स्वतः धुवू लागले, कंपनीतच, रबरी हातमोजे घालून. त्यांचंही रक्त तपासून घेतलं, ते माझ्या दुपटीहून जास्त निघालं, आणि ही चूक आपली असल्यासारखे ते काही दिवस वागत होते. माझ्या नखांचा रंग हळूहळू उतरला, तेव्हा खाली कागदासारखी नखं निघाली. पुढे मी आळीतल्या पिवळ्या आणि निळ्या दोरीच्या बायकांनाही पेणला पाठवलं. काहींचं कमी निघालं, काहींचं नाही. त्यावरून काय समजायचं ते मला आजही सांगता येत नाही.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. काळ्या चवीच्या, पोटात ढवळणाऱ्या. चहा जेवणापासून दूर. वन्सं मला मागच्या खोलीत एकटी सोडत नव्हत्या. गणपती घरोघर गेले, विसर्जनं झाली, सुट्टी संपत आली. पर्समधला राजीनामा घडीवर मऊ पडला होता.

निघायच्या आदल्या दिवशी वन्संनी माझ्यापुढे ताटली ठेवली. तिच्यात एक उरलेला, वाळलेला उंदीर.

"खा."

"नको."

"नको म्हणजे लाज वाटते म्हणून, की खरंच नको? मला कळलं पायजे. खा गो."

पडवीतून म्हातारे आणि यजमानही दारात येऊन उभे राहिले. मी उंदीर उचलला, कान तोंडात घेतला आणि चावला. गिळला खरा, पण तोंड वाकडं झालं. ती माती होती, निव्वळ माती. दाताखाली कचकचणारी.

"चिखल आहे हा!" मी म्हणाले.

"बरी झाली गो!" वन्संनी टाळी वाजवली. आणि वन्संच्या यजमानांना तेव्हा पहिल्यांदा सगळं उमगलं. "म्हणजे मी धरमतरला कोणाला सोडून आलो?"

पुढच्या सोमवारी मी शाळेत गेले. अकराव्या पायरीवर थांबले, पण थोडंच. हेडसरांनी विचारलं, "राजीनामा आणलात?"

"आणलाय. आधी हा कागद वाचा."

त्यांनी रिपोर्ट वाचला. पुन्हा वाचला. मग नकळत स्वतःची नखं खिडकीच्या उजेडात धरली. "बाई, मलाही जिना चढताना जरा होतं..." मी त्यांची पापणी ओढून पाहिली. मधल्या सुट्टीपर्यंत शिक्षकांच्या खोलीत सगळे एकमेकांच्या पापण्या ओढून बघत होते, आणि भूगोलाचे सर रांग लावत होते.

मला दिवाळीपर्यंत मुदत मिळाली आणि वर्गात एक खुर्ची. दिवाळीनंतर मी खुर्ची परत केली. त्या शाळेत आणखी बारा वर्षं शिकवलं, उभ्याने आणि जागी राहून.

राजीनामा फाडला नाही, कारण इंग्रजी खरंच चांगलं उतरलं होतं. तो कपाटात आहे, पेणहून आणलेल्या त्या एका कानाच्या उंदराच्या खाली. इथे याल तेव्हा काढून वाचा. फक्त वाचून झाल्यावर होता तसा ठेवा, आणि उंदीर डाव्या टोकाला.