धुतलेला पंप पुन्हा धुताना

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, आणि ते खोटं नाही. भाजीवाल्यापासून सोसायटीच्या अध्यक्षापर्यंत कुणाला मी सोडलेलं नाही. पण त्याच जिभेला वडिलांपुढे एक साधं वाक्य कित्येक महिने उच्चारता आलं नाही, आणि उच्चारलं तेही नको तिथे. आजही शेडमध्ये पंपाशी बसले की लाजेनं कानशिलं तापतात.

पंप मुळात वडिलांचा, म्हणजे अण्णांचाच. नाशिकरोडला त्यांचं फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं दुकान होतं. एसीत नवा गॅस भरण्याआधी आतली हवा ओढून काढावी लागते, त्यासाठीचा हा पंप. दुकान बंद केलं तेव्हा बाकीचं सामान त्यांनी देऊन टाकलं, पंप मात्र पोत्यात गुंडाळून इंदिरानगरला माझ्याकडे राहायला येताना बरोबर आणला. मी तेव्हा बँकेतली नोकरी सोडून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ मांडली होती आणि लाकडाचे वाडगे कातायला शिकत होते. वाडगा आतून-बाहेरून कातून झाला की बूड तेवढं राहतं. ते कातायचं तर वाडगा लेथवर उलटा धरायला हवा, आणि स्क्रू मारून धरला तर त्याला भोकं पडतात. माझी ही रड ऐकून अण्णा म्हणाले, माझा पंप लाव की. त्यांनी लेथच्या पाठीमागून नळी जोडली, पुढे रबर लावलेला कप बसवला आणि पंप सुरू केला. वाडगा त्या कपाला असा चिकटला की मला दोन्ही हातांनी ओढून निघेना. अण्णा त्या दिवशी जेवताना दोनदा भात घेऊन जेवले.

लाकडाची हवा पंपाला सोसत नाही. बारीक भुसा आत जातो, लाकूड ओलसर असेल तर दमटपणाही जातो, आणि पंपातलं तेल ताकासारखं पांढरट होतं. नळीत आम्ही मोटारसायकलचा फिल्टर बसवला होता, तरी अधूनमधून पंप धुवावा लागतोच. जुनं तेल सोडायचं, टर्पेंटाइन घालून आतून खळबळून घ्यायचं, ते थेंबन्‌थेंब निथळू द्यायचं आणि मग काचेवरच्या रेघेपर्यंत नवं तेल भरायचं. दुकानात अण्णा हेच रॉकेलनं करायचे. हे काम त्यांनी आपण होऊन स्वतःकडे घेतलं. जुना बनियन मांडीवर पसरून स्टुलावर बसत, आणि मी मदतीला गेले की मला हाकलून देत.

पहिल्यांदा पंप कमी ओढतोय असं दिसलं तेव्हा मी नळ्या तपासल्या, रबर बदललं. शेवटी तेल सोडून पाहिलं तर टर्पेंटाइनचा भपकारा आला. मला वाटलं, अण्णांनी घाईत पुरतं निथळू दिलं नाही. वय झालंय, होतं असं. ते दुपारी झोपले होते तेवढ्यात मी पंप पुन्हा धुतला, तेल भरलं आणि उठल्यावर त्यांना म्हणाले, "अण्णा, पंप झकास झालाय." पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग ती रीतच पडली. ते धुवायचे, मी वाखाणायचे, आणि ते घोरायला लागले की चोरासारखी शेडमध्ये जाऊन त्यांचं काम पुसून टाकायचे. मला वाटायचं मी त्यांचा मान राखते आहे. खरं सांगायचं तर या मोठेपणाचं मला थोडं कौतुकही वाटायचं.

खंडेनवमीला हे सगळं अंगाशी आलं. अण्णा पहाटेच उठून शेडमध्ये गेले, पटाशा पुसल्या, लेथ पुसली आणि सणाची आंघोळ म्हणून पंपही धुतला. मी पुरणाशी झटत होते, मला मागून जायला फुरसतच मिळाली नाही. आत्या तिच्या सुनेला घेऊन जेवायला आली होती. हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून पूजा झाली. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती द्यायची असते, पण अण्णांच्या दुकानात पूजेनंतर यंत्र क्षणभर चालवून दाखवायचा रिवाज होता. त्यांनी आत्याला लेथसमोर उभं केलं, बूड राहिलेला एक सागाचा वाडगा कपावर टेकवला आणि पंप सुरू केला. पंप कसा धुवायचा ते सुनेला समजावून सांगताना ते अगदी रंगात आले होते. हा माझ्या हातानं चालतो, हे ते आत्याला दोनदा म्हणाले.

नळीवरच्या दाबमापकाचा काटा अर्ध्यावर येऊन थरथरत होता, म्हणजे पंप पुरता ओढत नव्हता. अण्णा उभे होते तिथून त्यांना तो दिसत नव्हता. "बसलाय घट्ट, कर सुरू," ते मला म्हणाले. लेथ फिरली असती तर तो जड वाडगा सुटून थेट आत्याच्या तोंडावर गेला असता. आज यंत्र नको, जेवायला चला, असं मी म्हणून पाहिलं, तर त्यांनी स्वतःच लेथच्या बटणाकडे हात नेला. मी झडप घालून वाडगा ओढला. तो सहज हातात आला.

"बंद करा अण्णा," मी ओरडले. "आत टर्पेंटाइन आहे. दरवेळी तुम्ही धुता आणि तुमच्यामागे मला परत धुवावा लागतो."

एवढं बोलले आणि माझी मलाच शिसारी आली. बटणावरचा हात नुसता धरून थांबवला असता तरी चाललं असतं. कित्येक महिने गिळलेला राग मी त्या एका वाक्यात ओकले होते, तोही त्यांच्या धाकट्या बहिणीसमोर. आत्या म्हणाली, पोळ्या गार होतात, चला. अण्णांनी पंप बंद केला, माळ सरळ केली आणि पानावर येऊन बसले. जेवताना ते आत्याशी गावाकडच्या लग्नाबद्दल बोलत होते. माझ्याशीही बोलले, मीठ मागितलं.

दसऱ्याला त्यांनी मला नेहमीसारखं सोनं दिलं, डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर मात्र ते शेडकडे फिरकले नाहीत. माफी मागायची म्हणून मी त्यांच्या खोलीपर्यंत जायचे आणि चहा हवा का विचारून परत यायचे. एवढी वाघीण, पण शेळी झाले होते.

मग एका सकाळी मी पंप धुवायला घेतला तर ते दारात उभे होते. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आता धुतेस तर माझ्यादेखत धू."

त्यांच्या नजरेखाली मी नट सोडवला. खंडेनवमीचंच तेल अजून आत होतं, ते मी ताटलीत सोडलं. भपकाऱ्यानं माझे डोळे चुरचुरले. अण्णांनी त्यात बोट बुडवलं, नाकाशी धरलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा धरलं.

"हे तेल आहे का टर्पेंटाइन?" त्यांनी विचारलं.

वास येत नाही का, असं मी हळूच विचारलं. ते नाही म्हणाले. मी फळीवरचे डबे आणले. दोन्ही सारखे, दोन्हींतला द्रव पाण्यासारखा नितळ. त्यांनी आळीपाळीनं दोन्हींवर नाक धरलं आणि मान हलवली. दुकानात कधी डब्यावर नाव लिहिलं नाही, ते म्हणाले, नाकानंच ओळखायचो. म्हणजे निथळण्याचा प्रश्नच नव्हता. तेल म्हणून ते दरवेळी थोडंबहुत टर्पेंटाइनच ओतत होते.

"कधीपासून असं झालंय?"

"मला काय ठाऊक? तू तर दरवेळी झकास म्हणायचीस."

हे ते रागानं बोलले नाहीत. खरोखरच आठवून बघत असावेत. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की रोज पहाटे, आम्ही सगळे झोपलेले असताना, अण्णा दारं-खिडक्या लावलेल्या स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर स्वतःचा चहा करतात. पहिल्याच वेळी मी तोंडावर सांगितलं असतं, तर हे केव्हाच कळलं असतं.

मी पाना खाली टाकून घरात गेले आणि शेगडीची बटणं पाहिली. बंद होती. सिलिंडरही बंद केला आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. अण्णा शेडमधून हाक मारत होते, तेल कुठल्या डब्यातलं भरू म्हणून विचारत होते, आणि त्यांच्यासमोर जायला माझे पाय उचलत नव्हते.